गुलाबवेड्यांना सणाला काय द्यावं? मराठवाड्याच्या उन्हापाण्याचा हिशेब धरून

दिवाळी आली की माझ्या घरी गुलाब येतात. मगवर छापलेले, उशीच्या अभ्र्यावर भरलेले, एकदा तर भिंतीवरच्या घड्याळात बाराच्या आकड्याजवळ चिकटवलेले. देणाऱ्यांच्या मनात माया असते, ती मला कळते. पण परभणीच्या उन्हात गच्चीवर ५२ कुंड्या जगवणाऱ्या बाईला गुलाबाच्या चित्राचं अप्रूप किती असणार?

आजवरची सगळ्यात चांगली भेट मला धाकट्या भावानं दिली. भाऊबीजेला गावाकडून येताना त्यानं मोटारसायकलवर दोन गोण्या बांधून आणल्या. ओवाळून झाल्यावर म्हणाला, "आक्का, ताटात काय टाकत न्हाई. खाली गोण्या हायत, त्या बघ."

"ओवाळणीत शेणखत घालायलास व्हय रे?"

"दोन वर्षांचं कुजलेलं हाय. चाळून आणलंय. एक हुमणी सापडली तर पुढल्या साली साडी."

हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, एकही निघाली नाही, साडीची वेळ आली नाही. त्या दिवाळीत छाटणी नुकतीच झाली होती, झाडं खायला मागत होती आणि खत नेमकं तेव्हाच दारात आलं. हेच शेणखत मार्चमध्ये आलं असतं तर पावसाळ्यापर्यंत कोपऱ्यात पडून राहिलं असतं. गुलाबाची भेट निवडताना वस्तूइतकीच वेळ पाहावी लागते. आपल्या भागात गुलाबाचं वर्ष असं चालतं: पाऊस उघडला की ऑक्टोबरच्या मध्यापासून छाटणी, त्यानंतर साधारण ४५ ते ५० दिवसांत पहिला बहर, फेब्रुवारीपर्यंत फुलं, मार्च ते जूनचा मध्य नुसता जीव धरून राहण्याचा काळ आणि मग पावसातले रोग. सण याच वर्षावर बसवून बघितले की कुठल्या सणाला काय द्यायचं ते आपोआप ठरतं.

आधी गच्चीवर एक चक्कर

काही विकत घेण्याआधी एकदा चहाच्या निमित्तानं त्यांच्याकडे जाऊन या. गुलाबवाल्याला झाडं दाखवायला आग्रह करावा लागत नाही, चहा गार होतो पण तो तुम्हाला सोडत नाही. तेवढ्यात एवढं बघून घ्या.

झाडं जमिनीत आहेत की कुंडीत? पाणी नळाचं की बोअरचं? कुंडीच्या काठाला आणि मातीवर पांढरा थर दिसतो का? कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, असं आहे का? कात्री कोणत्या हातात धरतात? झाडांना नावाच्या पट्ट्या आहेत का? आणि गळ्यात तुळशीची माळ आहे का?

शेवटचा प्रश्न थट्टेचा नाही. गुलाबाच्या खतांत हाडांचा चुरा फार चालतो. माळकऱ्याच्या घरी तुम्ही लाल रिबीन बांधून हाडांचं खत घेऊन गेलात तर पुढच्या दिवाळीपर्यंत तो विषय निघत राहील. तसं पाहिलं तर आपल्या चुनखडीच्या, विम्लधर्मी (म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या) काळ्या मातीत हाडांचा चुरा विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) झाडाला मिळायला माती आम्लाकडे झुकलेली लागते. त्यामुळे माळ नसली तरी ते खत देऊ नका. त्याऐवजी निंबोळी पेंड द्या.

खंडेनवमी: सिकेटर

छाटणीची कात्री, म्हणजे सिकेटर, दिवाळीला देणारे बरेच असतात. तोवर निम्म्या झाडांची छाटणी उरकलेली असते, म्हणजे वरातीमागून घोडं. सिकेटर खंडेनवमीला द्यावं. त्या दिवशी घरातली हत्यारं घासूनपुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात. आमच्याकडे विळी, पाना, पकड आणि मुलाचा लॅपटॉपसुद्धा एका रांगेत बसतो. त्या रांगेत नवं सिकेटर पूजेला लागलं की आठ-पंधरा दिवसांत ते कामालाही लागतं. फक्त एक सांभाळा. शनिवारी लोखंड घरात न आणणारी माणसं अजून आहेत, तेव्हा देण्याआधी वार बघून घ्या.

निवडताना सगळ्यात आधी पात्यांची जात बघायची. एका प्रकारात दोन पाती कात्रीसारखी एकमेकींच्या बाजूनं सरकतात, त्याला बायपास म्हणतात. दुसऱ्यात एकच पातं सपाट पट्टीवर येऊन आदळतं. गुलाबाला बायपासच लागतं. पट्टीवालं सिकेटर वाळक्या लाकडाला ठीक, पण हिरवी फांदी त्यात चेचते. चेचलेलं टोक काळं पडतं आणि तिथून शेंडेमर, म्हणजे फांदी शेंड्याकडून वाळत येण्याचा रोग, खाली उतरत जाते.

मग हाताचं माप. दुकानात मोठं सिकेटर भारदस्त दिसतं, पण साठीच्या बाईच्या मुठीत ते पूर्ण उघडलं की बोटं दांडीपर्यंत पोचत नाहीत. घेताना ज्याला द्यायचं त्याच्या हाताएवढ्या माणसाला धरून बघायला लावा. डावखुऱ्यांसाठी वेगळं सिकेटर मिळतं, हे बऱ्याच डावखुऱ्यांना माहीत नसतं. अशा माणसाला ते दिलंत तर तो तुम्हाला जन्मभर विसरणार नाही.

आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रांत फाल्कनची सिकेटरं सहज मिळतात आणि घरच्या बागेला ती पुरतात. हात सैल सोडायचा असेल तर स्वित्झर्लंडचं फेल्को. त्याचा दोन नंबर जगभरचे माळी वापरतात, सहा नंबर लहान हातासाठी आणि नऊ नंबर डावखुऱ्यांसाठी. किंमत ऐकून घाम फुटतो, म्हणून चार भावंडांनी मिळून घ्यावं. त्याचं पातं, स्प्रिंग, स्क्रू सगळं सुटं बदलता येतं, त्यामुळे ते वीस वर्षं चालतं. कुठलंही घ्या, जास्तीची स्प्रिंग तेवढी मागून घ्या. सिकेटरमधली पहिली हरवणारी वस्तू तीच. ती उडून कुंडीच्या मागे जाते आणि झाडू मारताना दोन वर्षांनी सापडते.

पैसे देण्याआधी एक हिरवी काडी पात्याच्या टोकाशी धरून कापून बघा. मधल्या भागात कुठलंही सिकेटर कापतं, खरी परीक्षा टोकाला. साल लोंबत राहिली तर दुसरं दाखवायला सांगा.

नुसतं सिकेटर देऊ नका. सोबत स्पिरिटची लहान बाटली, धारेचा दगड आणि शिलाई मशीनच्या तेलाची कुपी ठेवा. स्पिरिट एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं पुसायला. धार लावायची ती पात्याच्या उतरत्या बाजूलाच, सपाट बाजू घासली की दोन पात्यांत फट पडते. एका चिठ्ठीवर छाटणीची खूणही लिहून द्या: बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या जागेच्या) पाव इंच वर काप, उतार डोळ्याच्या उलट दिशेला, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. आणि दसरा लवकर आला, पाऊस अजून रेंगाळत असला, तर सिकेटर पाटावरच राहू द्या. ओल्या हवेत छाटलेल्या फांद्यांत बुरशी लगेच शिरते.

खिसा हलका असेल तर हातमोजे द्या. बागकामाचे म्हणून जे फुलाफुलांचे कापडी मोजे मिळतात, त्यातून ग्लॅडिएटर जातीच्या गुलाबाचा काटा सरळ आत जातो. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानात जाऊन वेल्डिंगवाले वापरतात ते कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे मागा. दिसायला राकट आणि पुरुषी मापाचे असतात खरे, पण जुन्या झाडाच्या पोटात हात घालून वाळकी फांदी काढता येते ती त्यांनीच.

दसऱ्याची दुसरी भेट: मोरचूद आणि चुना

ही भेट द्यायला थोडं धाडस लागतं, कारण बघणाऱ्याला वाटतं तुम्ही रंगकाम काढलंय. छाटणीनंतर जाड फांद्यांच्या कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचा लेप, लावली तर शेंडेमर अडते. घरगुती प्रमाण सोपं आहे: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. दोन्ही जिन्नस वेगवेगळ्या पुड्यांत, एक जुना दोन इंची ब्रश आणि कृतीची चिठ्ठी असा संच करा.

चिठ्ठीत हे लिहा. मोरचूद रात्री अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या डब्यात भिजवायचं, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात नाही. चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये कालवायचा. सकाळी दोन्ही तिसऱ्या डब्यात एकत्र ओतून ढवळायचं. मग स्वच्छ लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवायचा. खिळ्यावर तांबूस थर आला तर आणखी थोडा चुना घालायचा. पेस्ट त्याच दिवशी संपवायची, उरली तर दुसऱ्या दिवशी तिचा उपयोग नाही. म्हणूनच आयती कालवून भेट देऊ नये. मोरचूद विषारी आहे. पुडीवर मोठ्या अक्षरात तसं लिहा आणि नातवंडं असलेल्या घरात ती थेट मोठ्या माणसाच्या हातात द्या.

दिवाळी: रोप, पण रोपवाटिकेतून थेट नाही

रोप ही सगळ्यांना सुचणारी आणि सगळ्यात जास्त फसणारी भेट. नरक चतुर्दशीच्या संध्याकाळी रोपवाटिकेतून फुललेलं झाड उचलायचं, पिशवीला चमकी कागद गुंडाळायचा आणि नेऊन द्यायचं. आठवड्यात फुल गळतं, पंधरा दिवसांत पानं, आणि ज्याला दिलं तो तुम्ही भेटलात की नजर चुकवतो. त्याची चूक नसते. ते झाड हिरव्या जाळीखालून निघून टेम्पोत हेलकावे खात आलेलं असतं.

खरेदी लक्ष्मीपूजनाच्या दहा-बारा दिवस आधी करा. झाड निवडताना फुलाकडे शेवटी बघायचं. आधी खाली वाका आणि डोळा भरलेला सांधा, म्हणजे खालच्या खुंटावर वरच्या जातीचं कलम जोडलं ती जागा, शोधा. तो गाठीसारखा दिसतो. त्याच्या वरून निदान दोन-तीन जोमदार फांद्या फुटलेल्या हव्यात. सांध्याच्या खालून फुटवा आलेला असेल तर तो खुंटाचा, म्हणजे रानटी. तो वाढत गेला की वरचं कलम मरतं आणि घरचे म्हणत राहतात, "झाड तर ताडासारखं वाढलंय, फुलं का येईनात?" पानं उलटी करून बघा. खालून बारीक जाळं आणि वर फिकट ठिपके असतील तर लाल कोळी आहे, तो भेट देऊ नका. फांद्यांवर पांढरे-करडे खवले असतील तर तेही झाड नको.

रोप घरी आणल्यावर सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी ठेवा. फुललेली फुलं काढून टाका, एक कळी तेवढी राहू द्या, रंग दाखवायला. हे दहा दिवस रोप तुमच्याकडेच राहतं. या काळात त्यानं एक तरी नवी लाल पालवी काढली तर ते जगणार. नाही काढली तर मिठाई द्या आणि रोप स्वतःकडे ठेवून बघा.

बाहेरून येणाऱ्या रोपांची मुळं बहुधा लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा तसाच काळ्या मातीत ठेवला तर गोळा कोरडा आणि भोवतीची माती चिखल, किंवा याच्या उलट, असा खेळ सुरू होतो. म्हणून रोपाबरोबर भरणीची माती देणं फार शहाणपणाचं. कुंडीसाठी पोयटा (गाळाची भुसभुशीत माती) किंवा लाल माती दोन भाग, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत एक भाग, कोकोपीट आणि जाड वाळू मिळून एक भाग आणि वरून मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड. निव्वळ काळी माती कुंडीत घालू नये. ती पावसात दगडासारखी बसते आणि मे महिन्यात कुंडीची कड सोडून आत आकसते, मग घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली जातं. कुंडी १२ ते १४ इंची, मातीची किंवा फिकट रंगाची घ्या. काळी प्लास्टिकची कुंडी आपल्या एप्रिलमध्ये मुळं शिजवते. अंगणात लावणार असतील तर दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा लागतो. तो खणून देणं हीसुद्धा भेटच आहे, साठी ओलांडलेल्या माणसासाठी तर रोपाहून मोठी. लावताना सांधा मातीच्या दोन-तीन इंच वर राहिला पाहिजे.

जात कोणती द्यावी यावर गुलाबवाल्यांत भांडणं होतात. माझं मत सांगते. पहिलं झाड असेल तर ग्लॅडिएटर, क्वीन एलिझाबेथ किंवा पांढरी आइसबर्ग. तिन्ही आपल्या उन्हाला पुरून उरतात. वासाचं वेड असेल तर ग्रुस ऑन टेपलिट्झ. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण १८९७ पासूनची ही लाल जात भारतात कित्येक जुन्या अंगणांत तग धरून आहे. पापा मेयाँचं काळपट लाल फुल बघून मन जातं खरं, पण त्याच्यावर भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) लवकर येते, नवशिक्याला देऊ नका.

ज्याच्याकडे पन्नास झाडं आहेत त्याला मात्र भारतात घडलेला गुलाब शोधून द्या. डॉ. बी. पी. पाल यांचं नाव तो ऐकून असेल. गव्हाच्या तांबेरा रोगाशी झुंजणारे हे शास्त्रज्ञ १९६५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले आणि त्याच हातांनी त्यांनी गुलाबाच्या कितीतरी जाती तयार केल्या. त्यांची 'डॉ. होमी भाभा' ही पांढरी जात किंवा गुलाबी 'दिल्ली प्रिन्सेस' मिळाली तर बघा. कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेत ती मिळणार नाही, दसऱ्याच्या आधीच मागणी नोंदवावी लागेल. धावपळ आहे, पण दर्दी माणसाला तुम्ही ती केली हे कळतं.

आणि खताची गोणी. शेणखत द्यायचं तर आधी मुठीत घेऊन वास घ्या. मातीचा वास आला तर कुजलंय, शेणाचा आला तर नाही. कच्च्या खताबरोबर हुमणी आणि वाळवी पाहुण्या येतात. रंगीत पाकिटातली, आत काय आहे ते न लिहिलेली 'रोझ मिक्स' खतं देऊ नका. कीटकनाशकं तर मुळीच नकोत. ती ज्याची त्यानं, गरज बघून आणायची असतात.

छाटलेल्या काड्यांतून संक्रांतीचं वाण

यात पैसा लागत नाही आणि मजा सगळ्यात जास्त. छाटणीत निघालेल्या काड्या आपण कचऱ्यात टाकतो. ऑक्टोबरच्या अखेरीस लावल्या तर १४ जानेवारीपर्यंत त्यांना अडीच महिने मिळतात. तेवढ्यात मुळं धरलेली रोपं तयार होतात आणि हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्यांऐवजी ती लुटता येतात.

गावठी गुलाब, एडवर्ड आणि बटण गुलाब यांच्या काड्या सहज जगतात. मोठ्या फुलांच्या कलमी जातींच्या काड्या लागल्या तरी स्वतःच्या मुळावर त्या नाजूक राहतात, म्हणून वाणाला पहिल्या तिघीच बऱ्या.

पेन्सिलीएवढ्या जाडीची, नुकतंच फुल येऊन गेलेली फांदी घ्या. बटण गुलाबाची काडी बारीकच असते, ती चालते. सहा ते आठ इंचांचा तुकडा, त्यावर चार-पाच डोळे. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली आणि सरळ, वरचा डोळ्याच्या वर आणि तिरका, म्हणजे उलटी लावायची चूक होत नाही. खालची पानं काढा, वर एक-दोन राहू द्या. मूळ फुटायची पावडर असेल तर टोक तीत बुडवा, नसेल तरी गावठी काडी वाट पाहत नाही. अर्धी जाड वाळू आणि अर्धं कोकोपीट भरलेल्या लहान पिशवीत निम्मी काडी खोचा, भोवती दाबा, पाणी द्या. पाण्याची बाटली मधोमध कापून टोपीसारखी वर ठेवा. जागा उजेडाची, पण थेट ऊन नको.

तीन आठवड्यांनी पालवी फुटेल आणि तुम्हाला उपटून बघायचा मोह होईल. उपटू नका. पालवी काडीतल्या शिल्लक अन्नावरही फुटते, मुळं मागून येतात. पिशवीच्या खालच्या भोकातून पांढरं मूळ दिसलं की समजायचं. बाटली एकदम काढायची नाही, आधी तिचं झाकण काढायचं, चार दिवसांनी बाटली. अकरा वाणं हवी असतील तर पंचवीस काड्या लावा. पहिल्या वर्षी मी मोजून बारा लावल्या होत्या आणि संक्रांतीला सात बायकांना वाण, बाकीच्यांना तिळगुळावर भागवावं लागलं होतं.

मध्ये येळवस येते. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात असतं, भज्जी आणि आंबिल घेऊन. त्या सुमारास पहिला बहर असतो किंवा नुकताच सरत असतो, म्हणजे कोणतं झाड कुठलं हे ओळखायची हीच वेळ. म्हणून नावाच्या पट्ट्या तेव्हा द्या. मार्कर आपल्या उन्हात दोन महिन्यांत उडतो, पट्टीसोबत साधी शिसपेन्सिल ठेवा, तिची अक्षरं टिकतात. जोडीला वही असली तर उत्तम: छाटणीची तारीख, पहिल्या फुलाची तारीख, एवढे दोनच रकाने.

पाडवा ते अक्षय्य तृतीया: पाणी

मराठवाड्यात पाण्याची भेट म्हणजे काय, हे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा साऱ्या देशानं पाहिलं. गुलाब जोपासणाऱ्याला उन्हाळ्यात दोन चिंता असतात, पाणी किती आहे आणि कसं आहे.

पाडव्याला ५० टक्के सावलीची हिरवी जाळी आणि आच्छादन द्या. आच्छादनाला सोयाबीनचं भुसकट फार छान, गावाकडे कुणाला तरी सांगून एक पोतं मागवा. कुंडीत दोन इंच थर, खोडापासून थोडं दूर.

अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावानं मातीची घागर भरून देतात. तीच चाल गुलाबाला लावता येते. पाच-सहा लिटरचा, रंग किंवा चकाकी न दिलेला माठ घ्या. जमिनीतल्या झाडापासून फूटभर अंतरावर तो गळ्यापर्यंत पुरायचा, पाण्यानं भरायचा, वर झाकण ठेवायचं, नाहीतर डास होतात. माती कोरडी पडेल तसं पाणी माठाच्या अंगातून पाझरतं आणि मुळं स्वतःहून तिकडे वळतात. दोन-तीन दिवसांनी पुन्हा भरायचा. बोअरच्या जड पाण्यानं वर्ष-दोन वर्षांत छिद्रं बुजतात, तेव्हा माठ बदलावा. कुंड्यांना माठ पुरता येत नाही, तिथं गच्चीवरच्या टाकीला जोडायचा ठिबकचा लहान संच द्या. फिल्टर मात्र त्यात हवाच, नाहीतर जूनपर्यंत निम्मे ड्रिपर क्षारांनी बंद.

पाणी कसं आहे ते कळायला क्षार मोजायचा पेनासारखा टीडीएस मीटर मिळतो. स्वस्त आहे, छोटा आहे, आणि हाती आला की गुलाबवाला लहान मुलासारखा घरभर पाणी मोजत फिरतो. दोन गैरसमज त्यानं लगेच मोडतात. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी 'शुद्धच्या शेजारचं' म्हणून कुंड्यांना घालतात, पण त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणीही तसंच, दिवसभर वाफ उडून मागे मीठ राहतं. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते गुलाबाला जरूर द्यावं.

पहिल्या चकरेत पिवळी पानं आणि हिरव्या शिरा दिसल्या होत्या ना? ती लोहाची कमतरता. आपल्या मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते झाडाला उचलता येत नाही. अशांना चिलेटेड लोहाचं, म्हणजे झाडाला उचलता येईल अशा रूपातल्या लोहाचं पाकीट द्या, आणि घेताना त्यावर इडीडीएचए हा शब्द शोधा. इडीटीए लिहिलेलं स्वस्त असतं, पण आपल्या मातीत ते टिकत नाही. तोपर्यंत लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि चिमूटभर लिंबूसत्त्व टाकून संध्याकाळी फवारलं तरी पानांना तरतरी येते.

याहून चांगली भेट म्हणजे माती तपासून आणून देणं. बागेत चार-पाच ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या, त्याच्या कडेची माती खरवडा, सगळी एकत्र करून सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या. लोह, जस्त हेही तपासायचंय असं सांगा, नाहीतर सामू (पीएच) आणि मुख्य अन्नद्रव्यांवर काम भागवतात. रांगेत उभं राहायचा वेळ तुमचा, अहवाल त्यांचा.

मे महिन्यात आणखी एक देता येतं. गुलाबवाले सुट्टीत लेकीकडे पुण्याला जात नाहीत, कारण कुंड्यांना पाणी कोण घालणार. "आठ दिवस मी येतो, संध्याकाळी सहाला," एवढं सांगून किल्ली मागा. आणि त्या आठ दिवसांत फक्त पाणी घाला. मला एकदा एक नातेवाईक अशी मदत करून गेले आणि जाता जाता 'झाडं पसरलीत' म्हणून भर मेमध्ये सगळी छाटून गेले. चार झाडांच्या उघड्या पडलेल्या फांद्या उन्हानं काळ्या पडल्या, ती पुन्हा उठली नाहीत.

पावसाळ्यात फार काही देऊ नका. पंचमीपासून गणपतीपर्यंत पानांवर काळे ठिपके पडतात, खालची पानं गळतात, गुलाबवाल्याचं मन कशात नसतं. आधाराच्या बांबूच्या काठ्या आणि सुतळीचा गुंडा तेवढा पोचवा. गळलेली ठिपक्यांची पानं वेचायला तासभर सोबत बसलात तर तो दोनदा चहा करेल. वेचलेली पानं खतात टाकू नका, जाळायची असतात.